मागे घेतलेली चाल

राजवैद्य त्र्यंबकशास्त्री हौसेने बुद्धिबळ खेळत, म्हणून महाराज त्यांना रोज पटावर बोलावत. त्या दिवशी शास्त्रीबुवांनी आधी हात जोडले. पहाऱ्यावर डोळा लागला म्हणून कान्होजी शिपायाला उद्या फाशी होती.

"तो तापाने फणफणला होता, महाराज. औषध मीच देत होतो."

"राजाचा शब्द मागे फिरत नाही," म्हणत महाराजांनी खेळ सुरू केला.

थोड्या वेळाने त्यांनी घोडा पुढे टाकला, आणि तो उंटाच्या माऱ्यात आलेला पाहून झटकन मागे घेतला.

शास्त्रीबुवा म्हणाले, "लाकडाच्या घोड्यासाठी राजाचा हात मागे फिरतो, महाराज. जिवंत माणसासाठी शब्द फिरणार नाही?"

महाराजांनी कान्होजीला सोडायचा हुकूम दिला, आणि घोडा उचलून पुन्हा उंटाच्या माऱ्यात ठेवला.