गजराबाईंचं दंतमंजन

देशाची दारं परदेशी कंपन्यांना नुकती उघडली होती, तेव्हाची गोष्ट. बार्शीच्या एका गल्लीत गजराबाई बुरगुटे दंतमंजन बनवायच्या. अकरा बायका तिथं खलबत्त्यात लवंग कुटायच्या आणि त्या वासानंच गल्लीला जाग यायची.

एके सकाळी बड्या परदेशी कंपनीचे कारखानीससाहेब टाय लावून आले. बसायच्या आधीच म्हणाले, "बाई, धंदा आम्हाला विकून टाका. आमची टूथपेस्ट इथं आली, की सहा महिन्यांत तुमच्या मंजनाला कुत्रंसुद्धा विचारणार नाही."

खलबत्ते थांबले. साहेबांनी करारनामा पुढं सरकवला. गजराबाईंनी चष्मा लावून तो ओळ न् ओळ वाचला.

"साहेब, विकल्यावर दहा वर्षं मी मंजन बनवायचं नाही, असं लिहिलंय इथं. खरं का?"

"अर्थात! तीच तर आमची मुख्य अट."

"मंजन सहा महिन्यांत मरणारच आहे म्हणता. मग उरलेली साडेनऊ वर्षं तुम्ही कुणाला भिताय?"

साहेबांनी कागद बॅगेत कोंबले. खलबत्ते पुन्हा वाजू लागले.

दारापर्यंत गेलेले साहेब तो वास घेत घुटमळले आणि हळूच म्हणाले, "दोन डब्या द्या. आईला दुसरं चालत नाही."