चित्रकाराने बदललेला चेहरा

डोंगराच्या कुशीतल्या एका गावात एक चित्रकार राहत असे. मुलांच्या गोष्टींच्या पुस्तकांसाठी तो चित्रं काढी. त्याने काढलेला कोंबडा पाहून लहान मुलं आरवायला लागत, इतका त्याचा हात जिवंत होता.

एकदा त्याच्याकडे नव्या पुस्तकाचं काम आलं. हरवलेलं करडू शोधायला एक धीट मुलगी एकटीच रानात जाते, अशी गोष्ट होती. ती वाचताच चित्रकाराला शेजारच्या कुंभाराची लेक आठवली. रंगाने काळी, नाक बसकं, पण दिवसभर शेळ्यांमागे हुंदडणारी आणि कुणाला न भिणारी.

"माझ्यासमोर जरा बसशील का गं? तुझं चित्र पुस्तकात घालायचंय."

"माझं?" तिचा विश्वासच बसेना. "पण काका, पुस्तकातल्या मुली माझ्यासारख्या नसतात."

"आता असतील," चित्रकार म्हणाला.

मग ती रोज दुपारी येऊन बसू लागली. नाकावर माशी बसली तरी हलायची नाही. सगळ्या आळीला तिने सांगून टाकलं, "मी पुस्तकात येणार!"

चित्रं हुबेहूब उतरली. पण छापखान्याच्या मालकाने ती पाहिली आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"हात छान आहे हो तुमचा. पण ही पोरगी? गोड चेहरा दिसला तर लोक पुस्तक उचलतील. हिला जरा उजळ करा, नाक सरळ करा. बाकी सगळं राहू द्या."

'नाही' हा शब्द चित्रकाराच्या ओठांवर आला होता. पण हे काम दुसऱ्याच्या हाती गेलं तर? एवढंसंच तर बदलायचंय, अशी त्याने मनाची समजूत घातली आणि कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला.

पुस्तक छापून आलं. जो तो वाहवा करू लागला. कुंभाराची लेक धावतच आली. मातीचे हात परकराला पुसून तिने पानं उलटली. आपली शेळी ओळखली, आपला ठिगळाचा परकरही ओळखला. मग चेहऱ्यावर बोट ठेवून तिने विचारलं, "काका, ही कोण?"

चित्रकार कुंचले आवरू लागला.

"मी नीट बसले नव्हते का?"

"बसली होतीस गं, बाळा," एवढंच तो म्हणू शकला. तिने पुस्तक हळूच खाली ठेवलं आणि ती निघून गेली.

काही दिवसांनी कुंभाराच्या दारावरून जाताना त्याला ती दिसली. जात्यावरचं पीठ गालांना फासून ती घागरीतल्या पाण्यात आपला चेहरा न्याहाळत होती. चित्रकार तसाच माघारी वळला. घरी येऊन त्याने सगळी चित्रं पुन्हा काढली, ती होती तशी. एका प्रतीत ती चिकटवली आणि पुस्तक तिला नेऊन दिलं.

तिने बराच वेळ पाहिलं. मग पुस्तक मिटून परत केलं.

"नको काका. ती दुसरी मुलगीच छान आहे."

पुढे चित्रकाराने कितीतरी पुस्तकांत काळीसावळी, फेंदऱ्या नाकाची, तिरळ्या डोळ्यांची मुलं रंगवली. ती पाहून पुष्कळ मुलं हरखली. कुंभाराची लेक मात्र पुन्हा कधीच त्याच्यासमोर बसली नाही.

तात्पर्य: मूल पुस्तकात आधी स्वतःला शोधतं. तिथून त्याला एकदा पुसलं, तर मागाहून कितीही रंग दिले तरी ती जागा भरत नाही.