मेण लावलेलं मडकं

"भाजलेलं मडकं पुन्हा चाकावर चढतंय का, बुवा? मग लागलेला निकाल कसा बदलंल?"

केरबानं विचारलं. त्याच्या गाडीतली बाजाराची मडकी सोनबाबुवा एकेक टिचकी मारून बघत होते. त्याला चाक त्यांनीच शिकवलं होतं. केरबाच्या हाताला गुण होता, जिभेलाही होता, आणि दोन्हींचा त्याला भारी तोरा होता.

खण... खण... एक मडकं बद्द वाजलं. बुवांनी ते खाली घेतलं.

केरबाचा जीव टांगणीला लागला होता. इंदूबरोबर त्यानं लग्नाशिवाय बारा वर्षं संसार केला. तो मोडला, तेव्हा कोर्टानं दोघांच्या संमतीनं वाटणी केली. घर तिला, मडकी भाजायचा आवा त्याला. आता वाटणी पुन्हा करा, असा इंदूनं अर्ज दिला होता. उद्या केरबाला शपथेवर बोलायचं होतं. निकाल बदलत नाही, याला बुवांच्या तोंडून होकार ऐकायला तो वाट वाकडी करून आला होता.

"तिचं मन फिरलं का?" बुवांनी विचारलं.

"नुसतं मन फिरलं म्हणून कोर्ट ऐकत न्हाई. वकीलच म्हणाला."

"मग?"

केरबानं गाडीतली मडकी उगाच इकडची तिकडं सरकवली.

"केरबा."

"वढ्याकडची, मडक्यांच्या मातीची जमीन. दोघांच्या कष्टाची. माझ्या भावाच्या नावावर घेतली होती, वाटणीत सांगितली न्हाई... पण आता मिटलंय, बुवा. तिला घर मिळालंय. चांगलं चाललेलं कशाला मोडायचं?"

बुवांनी मडकं त्याच्यापुढे सरकवलं.

"पाणी भर."

केरबानं भरलं. थेंबही गळला नाही. त्याला हायसं वाटलं. या मडक्याची चीर त्यानंच मेणानं बुजवून वरून गेरूचा हात फिरवला होता. म्हाताऱ्याला ती दिसली नसावी.

"आता ठेव त्या पेटल्या चुलीवर."

केरबा जागचा हलेना.

"ठेव."

पाणी तापू लागलं, तसा मडक्याच्या पोटावर मेणाचा एक ओघळ आला. मग पाणी आलं. जाळ चरचरला, धूर झाला, आणि बोटभर चीर उघडी पडली. केरबाला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"पाणी चांगलं धरत होतं," तो पुटपुटला. "जाळानं घात केला."

बुवांनी विझलेल्या चुलीतली ओली लाकडं बाहेर ओढली.

"जाळानं कुठं काय केलं? त्यानं नुसतं विचारलं."