पांढऱ्यातला काळा ठिपका

वसंताचा सण तोंडावर आला होता. चीनमधल्या एका ताओपंथी मठाची प्रमुख सू-यिंग दारावरचं यिन-यांगचं काळं-पांढरं वर्तुळ रंगवत होती, तोच सुभेदाराची पालखी थांबली.

"पांढऱ्यात हा काळा ठिपका? अशुभ!" सुभेदार गरजला. "आत्ताच्या आत्ता पुसा, नाहीतर मठाला टाळं ठोकीन!"

सू-यिंगनं कुंचला पांढऱ्या रंगात बुडवला आणि सरळ त्याच्या डोळ्यापाशी नेला.

"अहो बाई, हे काय?" सुभेदार दचकून मागं सरला.

"सरकार, तुमच्याही डोळ्यात पांढऱ्यात काळं आहे. ते आधी पुसते. मग दारावरचं नीट पुसलं का, ते तुम्हीच बघून सांगा!"

पालखीचे भोई फिसकन हसले. सुभेदारालाही हसू आवरेना.

"ठिपका जरा मोठाच काढा, बाई," तो म्हणाला. "मला लांबून दिसला पाहिजे!"