नारबाशेटची उलटी अंगठी

फार वर्षं झाली. खारवळच्या खाडीत तेव्हा शिडाची गलबतं लागत होती. त्या काळी खारवळात नारबाशेट नावाचा एक सोनार होता. तो सोन्याचा मासा घडवून वाळत ठेवायचा आणि गावची मांजरं त्यावर टपून बसायची, असं म्हणतात. मांजरांचं मांजरं जाणोत, पण नारबाशेटच्या हातापेक्षा जीभ जास्त चालायची, हे मात्र खरं. प्रत्येक नक्षीचा अर्थ त्याला पाठ असायचा. कमळ म्हणजे लक्ष्मी, मासा म्हणजे भरलेलं घर. एखादा अर्थ ठाऊक नसला तर तो तिथल्या तिथे घडवून द्यायचा. "ठाऊक नाही" हे शब्द त्याच्या तोंडून त्याच्या बायकोनेसुद्धा ऐकले नव्हते.

एका वादळात एक मोठं जहाज खडकावर फुटलं आणि त्यातला तांबड्या केसांचा एक खलाशी किनाऱ्याला लागला. तो दूर आयर्लंडचा, नाव डॉनल. गावाने त्याचा दोनू केला. भागीकाकी नावाच्या म्हातारीने त्याला घरामागच्या मांगरात, म्हणजे खोपीत, ठेवलं आणि पेज पाजून उभा केला.

दोनूच्या बोटात चांदीची अंगठी होती. तिच्यावर दोन हात, त्या हातांत बदामाच्या आकाराचं काहीतरी, वर मुकुट, आणि कडेला गोफासारखी एक गाठ. त्या गाठीचं टोक कुणालाच सापडेना. माणसाचं काळीज असं काढतात, हे तेव्हा खारवळात कुणाला ठाऊक असणार? दोनूला अजून गावची भाषा येत नव्हती, म्हणून लोक अंगठी घेऊन नारबाशेटकडे आले.

"शेटानू, हेचो अर्थ काय?"

नारबाशेटने अंगठी उजेडात धरली. आपल्याला काही कळलेलं नाही, हे त्याला पुरतं कळलं. "ह्या विड्याचा पान," तो म्हणाला. "दोन हात विडो देतत. मुकुट म्हणजे राजा साक्षीक. ही घातली म्हणजे शब्द दिलो."

"आणि ही गाठ?"

"तो बोटीचो दोर."

गावाला अर्थ फार आवडला. लग्न ठरलेल्यांनी तशा अंगठ्या केल्या, लग्न झालेल्यांनी केल्या, आणि शेजारणीने केली म्हणून शेजारणीने केली. आता ती घालायची कशी, हा प्रश्न आला. विडा ठेवताना देठ देवाकडे करतात. देव माणसाच्या आत असतो, तेव्हा देठ आपल्याकडे आणि टोक बाहेर, असा नारबाशेटने निवाडा दिला. सगळ्यांनी तशाच घातल्या. नारबाशेटची मुलगी शेवंती हिचं लग्न दुसऱ्या एका सोनाराच्या दामोदर नावाच्या मुलाशी ठरत आलं होतं, आणि तिला तो मनापासून आवडला होता. तिनेही आपली अंगठी टोक बाहेर करूनच घातली.

इकडे दोनू चक्रावला. त्याच्या मुलुखात काळजाचं टोक मनगटाकडे असलं तर मन दिलेलं, आणि बाहेर असलं तर मन मोकळं, ज्याला वाटेल त्याने येऊन विचारावं. आणि इथे बघावं तर सगळं गाव मोकळं. खोत मोकळा, खोतीण मोकळी, देवळातला पुजारी मोकळा. एके सकाळी भागीकाकीने पेज वाढली, तर तिच्याही बोटात टोक बाहेर. दोनूने पेज कशीबशी घशाखाली घातली आणि तो समुद्राकडे पळत सुटला.

मग त्याला शेवंती दिसली. त्याने सदरा धुतला, एक नारळ घेतला, एक भलीमोठी सुरमई घेतली आणि रीतसर मागणी घालायला तो नारबाशेटच्या दारात उभा राहिला. नेमका तो शेवंतीच्या साखरपुड्याचा दिवस होता.

मांडवात सुरमई गळत होती. दोनूने शेवंतीच्या अंगठीकडे बोट दाखवलं, मग आपल्या छातीवर हात ठेवला. न समजण्यासारखं त्यात काही नव्हतं. दामोदरचा बाप रावजीशेट उठला आणि वहाणा शोधू लागला.

"नारबाशेट, चेडवाचो शब्द दोगांक दिलास?"

दोनूने घाबरून आपली अंगठी फिरवून फिरवून दाखवली. टोक आत, टोक बाहेर. सगळ्यात आधी कळलं ते नारबाशेटला. पोराच्या डोक्यात खारं पाणी गेलंय, एवढं म्हटलं असतं तरी गावाने दोनूला हाकलून दिलं असतं. ते वाक्य नारबाशेटच्या जिभेवर तयारही होतं. पण शेवंती दामोदरकडे बघत होती आणि तिचे डोळे भरले होते. परका पोरगा सुरमई छातीशी धरून उभा होता. नारबाशेटला स्वतःची फार लाज वाटली.

"माका म्हायत नव्हता," तो म्हणाला. "अर्थ मी मनान सांगलंय. पोराची चूक नाय, माजी आसा."

त्या क्षणी देवळातली घंटा आपोआप वाजली आणि भरतीचं पाणी अर्ध्यातून मागे फिरलं, असं म्हणतात.

मग दोनूने मोडक्यातोडक्या शब्दांत सगळा अर्थ सांगितला. हात म्हणजे मैत्री, काळीज म्हणजे प्रेम, मुकुट म्हणजे निष्ठा. आणि गाठीला सुरुवातही नाही, शेवटही नाही. शेवंतीने आपली अंगठी आपल्या हाताने फिरवली आणि टोक आत घेतलं. ते बघून रावजीशेट खाली बसला. मांडवभर अंगठ्या फिरल्या. खोतीण तर खोताची अंगठी त्याच्या आधी फिरवून मोकळी झाली.

भागीकाकीने तेवढी फिरवली नाही. "तरी म्हटला, पोर माका बघून पळता कित्याक," ती म्हणाली. "माजी ऱ्हवांदे अशीच. बघूया कोण येता ता." आणि दोनूच्या हातातली सुरमई काढून घेऊन ती घरी गेली.

पुढे दोनू एका गलबतातून आपल्या देशी गेला. नारबाशेट पिकल्या वयात गेला, आणि शेवटपर्यंत रोज एकदा तरी "माका म्हायत नाय" म्हणायचा, असं म्हणतात.

खारवळात साखरपुडा असला की आजही सोनाराला बोलावतात. अंगठी ताटात ठेवून वडीलधारी माणसं त्याला तिचा अर्थ विचारतात. सोनार कितीही जाणता असो, तो नारबाशेटचं नाव घेऊन हात जोडतो आणि म्हणतो, "माका म्हायत नाय. ह्या दोगांक इचारा." मग त्या दोघांनी सगळ्यांसमोर, आपल्या शब्दांत, तो अर्थ सांगायचा. काहींना बराच वेळ लागतो. तोवर मांडवात कुणी जेवायला बसत नाही.