मिठाच्या बाजारातली हातबोली

डोंगरामागे डोंगर आणि त्यांच्याही मागे डोंगर, अशा एका मुलखात एक म्हातारी सुईण राहत होती. तिचा हातगुण पाचही डोंगरांवर ठाऊक होता. आता काठीशिवाय तिला उभं राहता येत नसे, पण गप्पांना बसली की आटपत नसे. आणि कुठूनही सुरू केलं तरी गप्पा शेवटी नदीकाठच्या मिठाच्या बाजारावरच येत.

तिच्या लहानपणी तिथे पाच डोंगरांवरच्या पाच जमाती जमत. एकीची भाषा दुसरीला ओ की ठो कळत नसे, म्हणून सगळे हातांनी बोलत. चिमूट जिभेला लावली की मीठ. बोटं पाण्यासारखी वळवली की मासे. रीत मात्र ठरलेली: आधी हातातलं सगळं खाली ठेवायचं, दोन्ही तळवे दाखवायचे, मगच बोलायचं. पलीकडच्या डोंगरावरचा एक पोरगा दर बाजाराला कोपरं फडफडवून, मान पुढे काढून तिला कलकलाटी कोंबडी म्हणायचा. ती गाल फुगवून त्याला माकड म्हणायची. किती हसायची दोघं! एकमेकांचं नावही त्यांना माहीत नव्हतं. ते दिवस आठवले की म्हातारीचा जीव गलबलायचा.

पुढे व्यापाऱ्यांच्या बैलगाड्या मीठ थेट गावात आणू लागल्या. बाजार मोडला, हातबोलीही विसरली गेली. म्हातारी नातवंडांना शिकवू लागली, की गावाचा मुखिया असलेला तिचा मुलगाच हसायचा. "आये, माश्या हाकलतेस का गं?"

एके दिवशी सकाळी पलीकडच्या डोंगरावरची सात-आठ माणसं कुऱ्हाडी घेऊन, ओरडत चढ चढून आली. पुढे एक म्हातारा होता. तो काय ओरडतोय ते कुणालाच कळेना.

मुखियाने धनुष्याला बाण लावला. "लुटायला आलेत! पुढं पाऊल टाकलंत तर सोडणार नाही!"

हे त्यांनाही कळलं नाही. म्हातारा पुढेच येत होता.

तेवढ्यात म्हातारी मध्ये आली. तिने काठी टाकली, दोन्ही तळवे वर केले आणि तोल जाऊन धपकन खाली बसली. तळवे मात्र वरच.

म्हातारा थबकला. किती वर्षांनी त्याने हे पाहिलं होतं! त्याने कुऱ्हाड खाली ठेवली. मागच्यांनीही ठेवल्या. मग त्याने कुऱ्हाडीकडे बोट करून मागची झाडी छाटल्यासारखा हात चालवला, 'माझी' म्हणून छातीला हात लावला, पोटावरून हात फिरवला, बाळ जोजवून दाखवलं, आकाशात सूर्याची फेरी दोनदा काढली आणि मूठ अशी आवळली की ती उघडेचना.

"अरे, याची लेक दोन दिवस अडलीये!" म्हातारी ओरडली. "कुऱ्हाडी झाडीतून वाट काढायला आणल्यात. मला न्यायला आलेत रे ते! ठेव तो बाण, आणि घे मला पाठीवर!"

आपण कुणाला मारायला निघालो होतो, हे कळून मुलाची मान शरमेने खाली गेली. त्याने धनुष्य गळ्यात अडकवून आईला पाठुंगळी घेतलं आणि त्या माणसांच्या मागोमाग तो डोंगर उतरू लागला.

उन्हं कलताना बाळ रडलं. लेकही वाचली. म्हातारी दमून अंगणात टेकली. म्हाताऱ्याने डोळे पुसले, तिच्याकडे निरखून पाहिलं, आणि हळूच कोपरं फडफडवून मान पुढे काढली.

म्हातारी हसता हसता रडली. मग तिने गाल फुगवले.

मुलगा जवळ येऊन बसला. "आये, मलाही शिकव."

म्हातारीने त्याच्या हातातलं धनुष्य काढून बाजूला ठेवलं आणि त्याचे तळवे वर केले. "हे पहिलं," ती म्हणाली.

तात्पर्य: दुसऱ्याचं ऐकायचं असेल, तर आधी आपल्या हातातलं खाली ठेवावं.