येण्याचे दगड

त्या बेटावर बघण्यासारखं जे होतं ते उघड्यावर होतं, आणि जगण्यासारखं जे होतं ते झापं लावून झाकलेलं होतं.

बघण्यासारखी ठिकाणं सात. ती अण्णांनी ठरवली होती. अण्णा म्हणजे बेटावरचं सगळ्यात म्हातारं कासव. दीडशे वर्षं जगल्यामुळे आपल्याला सगळं कळतं अशी त्यांची समजूत होती, आणि दीडशे वर्षांत कोणी उलट बोललं नसल्यामुळे ती पक्की झाली होती. त्यांच्या वयाची आणखी दोन कासवं त्यांच्या डाव्या-उजव्या बाजूला बसत. अण्णांनी मान हलवली की तीही हलवत, फक्त थोड्या उशिराने, म्हणजे विचार केल्यासारखं दिसावं.

उत्तरेला एक धबधबा होता. वारा इतका की पाणी खाली पोचायच्या आधीच उडून परत वर जायचं. पाहुण्यांनी त्याखाली उभं राहून कोरडं राहायचं, अशी तिथली गंमत. मग एक गुहा, जी मारलेली हाक थोडी गोड करून परत द्यायची. तांबड्या वाळूची एक लांब पुळण. मासेसुद्धा राहायला लाजतील इतकं स्वच्छ एक तळं. आणि मावळतीचा कडा, जिथे पाहुण्यांना ओळीने बसवून कधी ‘अहाहा’ म्हणायचं ते खुणेने सांगितलं जाई. उरलेली दोन ठिकाणं म्हणजे या पाचांकडे बघण्यासाठी बांधलेले दोन चौथरे.

हे खोटं नव्हतं. बेट खरंच सुंदर होतं. त्यात म्हाताऱ्यांचा काही हात नव्हता, एवढंच.

पाहुणे म्हणजे पक्षी. दरवर्षी पावसाळा सरला की गोठलेल्या मुलखातून ते निघत. एक समुद्र ओलांडला की हे बेट, आणि बेटानंतर आणखी एक समुद्र, पहिल्याहून मोठा. वारा फिरेपर्यंत चार-पाच दिवस ते इथे थांबत. त्यांच्या गळ्यात माळ घातली जाई, सातही ठिकाणं फिरवली जात आणि जेवायला केळीच्या पानावर जास्वंदीच्या पाकळ्या मांडल्या जात. पाकळ्यांनी पोट भरतं का, हे यजमानांनी विचारलं नाही. पाहुण्यांनी सांगितलं नाही. वाढलेल्याला नको म्हणू नये हे त्यांनाही त्यांच्या आयांनी शिकवलेलं होतं.

पक्ष्यांच्या भाषेत निघणारा ‘जातो’ म्हणायचा. बेटावर हा शब्द अशुभ. निघताना ‘येतो’ म्हणायचं, असं तिथे पाळण्यातल्या पोरालाही ठाऊक. म्हणून वाटाडे पाहुण्यांना पहिल्याच दिवशी ‘येतो’ म्हणायला शिकवत. पाहुणे बिचारे चोच वाकडी करून शिकत, आणि उडताना यजमानांना बरं वाटावं म्हणून म्हणत.

इथवर सगळं रीतीचं होतं. पुढे जे झालं ते फक्त याच बेटावर होऊ शकतं. आपणच शिकवलेला शब्द म्हाताऱ्यांनी खरा मानला.

जो पाहुणा ‘येतो’ म्हणाला, त्याच्या नावाचा एक पांढरा दगड खाडीसमोरच्या उतारावर मांडायचा, अशी रीत अण्णांनी घातली. परत आल्यावर बसायला त्याची जागा. त्याला येण्याचा दगड म्हणत. वर्षामागून वर्षं गेली, उतार पांढरा होत गेला. दगडावर बसायला कोणी आलं नाही. येत ते नवे पाहुणे, आणि तेही दरवर्षी थोडे कमी. अण्णा म्हणत, ‘येतील. शब्द दिलाय.’

शेवटी उतार भरला. एकही नवा दगड ठेवायला जागा उरली नाही. तेव्हा असं ठरलं की दक्षिणेच्या खाडीतला चिखल दगडांनी भरून काढायचा आणि तिथे नव्या जागा करायच्या. तसाही तो चिखल पाहुण्यांना दिसू नये म्हणून नारळाच्या विणलेल्या झापांआड ठेवलेला होता. काळा, घाणेरड्या वासाचा. त्याची सगळ्यांनाच लाज वाटे.

त्या चिखलात तिरपी राहायची.

तिरपी ही चिंबोरी. नाव तिच्या चालण्यावरून पडलेलं. वाटाड्यांच्या शाळेत ती होती, पण पाहुण्यांपुढे सरळ चालायचं हा तिथला पहिला धडा, आणि खेकड्याच्या जातीला तो येणं शक्य नव्हतं. सरड्यांना यायचा. सरडे शिवाय पाहुण्याचा रंग बघून स्वतःचा रंग बदलत, त्यामुळे ते पहिल्या नंबराने पास होत. तिरपीला अण्णांनी सगळ्यांसमोर सात वेळा चालायला लावलं. सातव्यांदा ती चालत चालत जी बाजूला गेली, ती शाळेच्या बाहेरच गेली. परत आली नाही. तिच्या आईने चार दिवस तोंड लपवलं. तिरपीने लपवलं नाही, पण चिखल भरला जाणार हे कळल्यावर तीही गप्प राहिली. लाज वाटणाऱ्या जागेसाठी भांडायचं कसं, हे तिला कोणी शिकवलं नव्हतं.

अमावास्येचं उधाण उतरलं की पहिला दगड पडणार होता. मध्ये पाच दिवस होते.

त्या पाच दिवसांतल्या पहिल्या दिवशी एक तुतवार उतरली. मुठीत मावेल एवढा पक्षी, चोच मात्र सरळ आणि लांब. तिचा थवा पुढे निघून गेला होता, ती एकटी मागे राहिली होती. पंखांखाली नुसती हाडं. वारा फिरेपर्यंत अंगावर मांस धरलं नाही तर दुसरा समुद्र तिच्याने ओलांडवणार नव्हता. तिला ते माहीत होतं. तिने ते सांगितलंही, पण सरडे तेव्हा माळ घालण्यात गुंतले होते.

त्यांनी तिला धबधब्याखाली उभं केलं. पुळणीवर चालवलं. गुहेपाशी नेऊन म्हणाले, ‘मारा हाक, लाजू नका.’

तुतवार म्हणाली, ‘भूक.’

गुहा म्हणाली, ‘भूक.’ जरा गोड करून.

‘काय गळा आहे,’ सरडे म्हणाले, आणि तिला पहिल्या चौथऱ्याकडे घेऊन गेले.

चौथऱ्याजवळच झापं होती. वारा तिकडून आला आणि तुतवारेने मान वळवली. सरडे पाठमोरे झाल्याबरोबर ती झापाच्या एका भोकाशी गेली. पलीकडून दोन डोळे देठांवर उभे राहून तिच्याकडे बघत होते.

‘हा वास कसला?’ तिने विचारलं.

‘चिखलाचा,’ तिरपी म्हणाली. ‘बोलू नका कुठे. आमची लाज जाते.’

‘आत येऊ?’

‘पाय भरतील तुमचे.’

‘पायांचं काय घेऊन बसलीस,’ तुतवार म्हणाली.

तिरपीने नांगीने झाप कापलं. एवढं करून ती दोन पावलं बाजूला सरकली आणि म्हणाली, ‘एक मात्र आधी बोलून घेऊ, ताई. मला खायचं नाही.’

तुतवारेने तिला वरपासून खालपर्यंत पाहिलं. ‘माझं तोंड बघ आणि तुझा घेर बघ.’

ओहोटी होती. तुतवारेने एक पाऊल टाकलं, ते घोट्यापर्यंत आत गेलं. तिने लगेच चोच घातली नाही. मान खाली घालून क्षणभर नुसती उभी राहिली, कोणाच्या घरात शिरताना थांबतात तशी. मग चोच खुपसली. वर आली ती एक गांडूळ घेऊन. पुन्हा खुपसली, शंखातली एवढीशी गोगलगाय. मग ती थांबलीच नाही. ती खात होती आणि तिरपी बघत होती. ज्या जागेवर आपण जन्मलो तिथे इतकं काही आहे, हे तिरपीला एका परक्या चोचीमुळे कळलं. तिने आयुष्यात कोणाचे आभार मानले नव्हते, कारण आजवर ज्यांनी मागितले त्यांनी ते जबरदस्तीने मागितले होते. त्या दिवशी तिला मानावेसे वाटले, आणि कसे मानायचे ते येईना. तिने पुढची जागा नांगीने जरा भुसभुशीत करून दिली.

तीन दिवस तुतवार चिखलात राहिली. सरडे तिला कड्यावर शोधत होते.

चौथ्या दिवशी अण्णा आले, डाव्या-उजव्या कासवांसकट. झापाला पडलेलं भोक त्यांना दिसलं, मग पलीकडची पावलं दिसली.

‘पाहुणीला चिखलात बसवलंस?’ ते तिरपीला म्हणाले.

‘तीच बसली, अण्णा. तुमच्या चौथऱ्यावर तिचे पाय थरथरत होते.’

‘मावळतीचा कडा राहिलाय तिचा.’

‘मावळती इथूनही दिसते. तुम्ही झाप लावलंत म्हणून दिसायची बंद झाली.’

‘शाळा अर्धवट सोडलेल्याने मला शिकवू नये.’

‘शिकवत नाही. तुम्हाला शिकवून काय उपयोग?’

तुतवार मध्ये बोलली. घास गिळून, अदबीने. ‘आजोबा, त्या उतारावर पांढरं दिसतंय ते काय?’

अण्णांचा चेहरा खुलला. ‘येण्याचे दगड. जे जे येतो म्हणाले, त्यांच्या जागा.’

‘सगळ्यांच्या नावाचे?’

‘एकूण एक.’

तुतवारेने उताराकडे बराच वेळ पाहिलं. तिच्या आईचा थवा इथूनच गेला होता. मावशीचाही. त्यांतली आई तेवढी वाचली आणि परतीच्या वेगळ्या वाटेने घरी पोचली होती. ‘ते यायचे नाहीत,’ ती म्हणाली. ‘तुमच्याकडून निघाले ते पाकळ्या खाऊन निघाले. पुढच्या समुद्राच्या मध्यावर दमले आणि खाली उतरले. तिथे उतरायला जागा नसते.’ मग तिला वाटलं, म्हाताऱ्याला फार लागलं असावं. ती म्हणाली, ‘माळा फार सुंदर होत्या, असं आई सांगायची. एकदाच आली होती ती इथे.’

बाकीच्या दोन कासवांनी मान हलवायची तयारी केली होती, पण अण्णांची मान हलली नाही, त्यामुळे त्यांची पंचाईत झाली.

पाचव्या दिवशी उजाडताना वारा फिरला. तुतवार गोल झाली होती. पंख पसरून तिने दोनदा झटकले, चिखलाचे शिंतोडे तिरपीच्या डोळ्यांवर उडाले.

‘जाते,’ ती म्हणाली.

झापापलीकडे उभ्या असलेल्या सरड्यांचा रंग उडाला. कोणी तरी म्हणालं, काय हा अपशकुन. तिरपीने तिला तो दुसरा शब्द शिकवला नव्हता. मुद्दामच शिकवला नव्हता. ती एवढंच म्हणाली, ‘सावकाश जा.’

त्या तुतवारेच्या नावाने दगड ठेवायचा नाही, असं त्याच सकाळी ठरलं.

दुपारी ओहोटीला सगळं बेट खाडीवर जमलं. पहिला दगड वडीलधाऱ्याने ठेवायचा ही रीत. अण्णा दगड पाठीवर घेऊन उतरले. जे कानावर पडलं ते पडलं, पण ठरलेलं मोडणं त्यांच्या वयाला शोभलं नसतं. पहिल्या चार पावलांत त्यांचे पाय गेले, मग पोट टेकलं आणि पाठ निम्मी आत गेली. पाठीवरचा दगड घरंगळून बाजूला पडला आणि हळूहळू दिसेनासा झाला. लोक पुढे यायला लागले तेव्हा अण्णांनी पाय उचलून त्यांना थांबवलं.

ते तसेच बसून राहिले. त्यांच्या पाठीला जागोजागी भेगा होत्या. वर्षानुवर्षं चौथऱ्यावर उन्हात बसून पडलेल्या. त्या भेगांत गार चिखल शिरत होता. अण्णा अंड्यातून बाहेर आले ते याच खाडीच्या काठावर, आणि पहिलं खाल्लं ते इथलंच. हे त्यांना आठवलं की नाही, सांगता येत नाही. पण त्यांनी डोळे मिटले, आणि बराच वेळ उघडले नाहीत.

‘अण्णा, दुसरा दगड आणायचा का?’ सरड्यांनी विचारलं.

‘उद्या,’ अण्णा म्हणाले.

आपलं चुकलं असं ते म्हणाले नाहीत. म्हातारे तसं म्हणत नसतात. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा चिखलात उतरून बसले आणि पुन्हा ‘उद्या’ म्हणाले. तिसऱ्या दिवशीही. पहिला दगड त्यांच्याशिवाय कोणी ठेवायचा नाही, आणि त्यांचा उद्या काही उजाडत नव्हता. तिरपी रोज त्यांच्या मानेजवळ येऊन जमीन भुसभुशीत करून जायची. त्या ‘उद्या’चे आभार ती मनातल्या मनात मानायची. तोंडावर मानले असते तर अण्णांनी हट्टाने आजच दगड ठेवला असता.

पावसाळा आला तसा वाऱ्याने झापं एकेक करून पडली. ती पुन्हा लावायला अण्णांनी सांगितलं नाही, आणि सांगितल्याशिवाय काही करायची बेटाला सवय नव्हती.

पाऊस सरला आणि एका सकाळी उत्तरेचं आकाश हललं. एवढे पक्षी बेटाने पाहिले नव्हते. सरडे माळा घेऊन धावले, दोन कासवं चौथऱ्यावर चढून बसली, अण्णा चिखलातच राहिले. थवा धबधब्यावरून गेला, गुहेवरून गेला, पांढऱ्या उताराच्या डोक्यावरून खाली आला आणि सगळाच्या सगळा चिखलात उतरला. उतरल्यावर क्षणभर सगळ्यांच्या माना खाली गेल्या. मग चोची.

तिरपी बिळातून बाहेर आली. त्या हजार चोचींतली एक तिला ओळखू आली, कारण तीच तेवढी म्हणाली, ‘घेर वाढलाय तुझा.’

‘तुमचंही तोंड वाढलंय,’ तिरपी म्हणाली. तुतवारेपुढची जागा तिने नांगीने जरा भुसभुशीत करून दिली. ती बाजूला सरकून दुसरीकडे बघत राहिली.

भरती चढू लागली. पक्षी पोट भरून कोरड्या जागा शोधू लागले. समोर उतारावर शेकडो पांढरे दगड उन्हात रिकामे होते. तुतवारेने तिकडे एकदा पाहिलं. मग चिखलातून वर आलेला, भेगांत गवत उगवलेला एक काळा जुना दगड तिला जवळच दिसला. ती त्यावर चढली, एक पाय पोटाशी घेतला आणि चोच पाठीत खुपसून झोपली.

पाणी अण्णांच्या हनुवटीपर्यंत आलं होतं. ते हलले नाहीत.